पहिल्या हाकेला

फोन आला तेव्हा मी तुरी निवडत होते. परभणीच्या दवाखान्यातून गजानन बोलत होता, माझ्या भावाचा मुलगा. "आत्या," एवढं म्हणाला आणि पुढं त्याला बोलता येईना. मी म्हटलं, कळलं रे, गाडीचं बघ, तुझ्या आईला काहीतरी खाऊ घाल. फोन ठेवला आणि सुपात उरलेल्या तुरी निवडून संपवल्या. शेजारच्या बायका तोवर जमल्या होत्या. भाऊ गेला आणि ही तुरी निवडत बसली, असं पुढं पंधरा दिवस गावात बोललं गेलं. बोलू द्या. अर्धं सूप तसंच ठेवून काय तो परत येणार होता...

आता सव्वा महिना झाला. दत्तरावांवर कुणीतरी लिहा, असं पेपरवाल्यांनी आमच्या शाळेच्या गुरुजींना कळवलं. गुरुजी माझ्याकडं माहिती विचारायला आले. मी म्हटलं, माहिती मीच लिहिते. मी चौथीपर्यंत शिकले आहे. तुम्ही फक्त ऱ्हस्वदीर्घ बघा. गुरुजी नवे आहेत, त्यांनी दत्ताला पळताना बघितलेलं नाही. आणि मला जे सांगायचं आहे ते गुरुजींना माहीत नाही, गावालाही नाही.

गाव आमचं सेलू तालुक्यातलं, वालूरच्या अलीकडं. दत्ता माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान. तो दीड वर्षाचा असताना आई गेली. वडील शेतात जायचे, मग पोराला सांभाळायचं कुणी? चौथीचा निकाल लागला आणि मी घरी बसले. त्याबद्दल मला कुणाला दोष द्यायचा नाही. गावातल्या निम्म्या पोरी अशाच बसायच्या. दत्ताला मात्र मी शाळेत घातलं आणि रोज सकाळी उठवून पाठवलं. हे उठवणं म्हणजे एक कामच होतं. त्याच्यासारखा झोपाळू माणूस मी दुसरा बघितला नाही. वडिलांनी गदागदा हलवलं तरी कूस बदलायचा. पाणी मारलं तर तोंड पुसून पुन्हा झोपायचा. फक्त माझ्या हाकेला उठायचा, तेही तिसऱ्या. "ऊठ दत्ता" पहिल्यांदा म्हटलं की नुसता हुंकार. दुसऱ्यांदा म्हटलं की पाय हलायचा. तिसऱ्या हाकेला ताडकन उठून बसायचा, जसं काही आधीपासून जागाच होता. असं मी त्याला जवळजवळ साठ वर्षं उठवलं. मध्ये माझ्या लग्नाची सहा वर्षं सोडली तर.

दिवसा मात्र हाच पोरगा वाऱ्यासारखा पळायचा. शाळेमागच्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या गावठाणाच्या, मोकळ्या जागेत पोरांनी बाभळीचे दोन खांब रोवले होते, तिथं संध्याकाळी खो-खो चालायचा. ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. दोन खांबांच्या मध्ये एका रांगेत आठ गडी उकिडवे बसतात. एकाचं तोंड इकडं, शेजारच्याचं तिकडं. नववा गडी पळणाऱ्याच्या मागं लागतो. त्याला रांगेतून आरपार जाता येत नाही, मागं वळताही येत नाही. मग तो बसलेल्या गड्याच्या पाठीवर मागून थाप मारतो, मोठ्यानं "खो" म्हणतो आणि त्याच्या जागेवर बसतो. ज्याला थाप मिळाली त्यानं उठायचं आणि पळणाऱ्याला धरायचं. थाप मिळाल्याशिवाय उठायचं नाही. पळणारा नाकासमोरून गेला तरी बसून राहायचं. उठलं की पंचाची शिट्टी.

एवढं सगळं मला तेव्हा माहीत नव्हतं. मला फक्त त्याचे गुडघे माहीत होते. खांबावर झेप घ्यायची, तिथून आडवं पडून पळणाऱ्याला हात लावायचा, ही त्याची खासियत. त्यात कोपर आणि गुडघे सोलून निघायचे. मी हळद आणि तेल गरम करून लावायची आणि तोंडानं शिव्या द्यायची. तो म्हणायचा, "आक्का, हळद लाव, शिव्या नंतर दे. दोन्ही संगट झोंबायलंय." त्याचा जोडीदार रशीद दारात उभा राहून हसायचा. रशीद आमच्याच आळीतला, लोहाराच्या घरचा. रांगेत त्याची जागा दत्ताच्या शेजारी. एक उठला की दुसऱ्याला कळायचं तो कुठं जाणार. दहावीला दोघं मिळूनच नापास झाले. परीक्षेच्या आठवड्यात मानवतला सामने होते, हे मला निकालाच्या दिवशी कळलं. त्या दिवशी मी स्वयंपाक केला नाही. दत्तानं भाकरी केल्या, वेड्यावाकड्या, आणि ताट माझ्यापुढं आणून ठेवलं. मी खाल्लं. उपाशी राहून कुणाचा निकाल बदलत नाही.

नंतर माझं लग्न झालं गंगाखेडकडं. सहा वर्षांनी नवरा गेला. मूलबाळ नव्हतं. सासरची माणसं वाईट नव्हती, पण माझ्याकडं बघून काय करावं हे त्यांना कळत नव्हतं. एक दिवस दत्ता एस. टी.नं आला. सगळे ओसरीवर बसले. आता हा बहिणीच्या नशिबावर बोलणार, रडणार, असं सगळ्यांना वाटलं. तो चहा प्याला आणि मला म्हणाला, "आक्का, चल घरी. तिकडं मला उठवायला कोणी न्हाई." माझ्या सासूबाई हसल्या आणि मग रडल्या. मी ट्रंक भरली. दया म्हणून नेलं असतं तर मी गेले नसते, हे त्याला ठाऊक होतं. माणूस दहावी नापास होता, पण एवढं त्याला कळायचं.

मी परत आले तेव्हा तो चोवीस-पंचविशीचा असेल. नुकतं लग्न झालेलं. सुशीला चांगली पोरगी, आमचं कधी वाजलं नाही, कारण ती बोलत नाही आणि मी बोलल्यावर ती ऐकत नाही. दत्ताचं तेव्हा नाव झालेलं होतं. सेलू, जिंतूर, पाथरी, जिथं सामने असतील तिथं आमच्या गावचा संघ जायचा आणि लोक आधी विचारायचे, तो खांबावर उडणारा आलाय का. पैसा काही मिळत नव्हता. एक बनियन, एखादी ढाल, आणि येताना टेम्पोत गाणी. मी विचारायची, यातून पुढं काय? तो म्हणायचा, पुढं काय म्हंजे, पुढं जिंतूर. मी कधी एकही सामना बघितला नव्हता. बायका जायच्या नाहीत. आणि मी म्हणून ठेवलं होतं, तुझं हे पळणं बघायला मी मेले तरी येणार नाही.

मग ती मानवतची फायनल आली. आदल्या रात्री जेवताना दत्ता म्हणाला की एका कारखान्याच्या संघाची माणसं गडी निवडायला येणार आहेत. निवड झाली तर नोकरी लागणार, टाइमकीपरची का कशाची, पण पगाराची आणि खुर्चीवर बसायची. सुशीलाला दिवस गेलेले होते. कोरडवाहू रान, तेही सामाईक. त्या रात्री तो झोपेत बोलत होता. सकाळी मी त्याला तीन हाकांनी उठवला, भाकरी बांधून दिली, आणि तो टेम्पोत बसून गेल्यावर सुशीलाला सांगितलं की मी बांगड्या भरायला मानवतला जाते. विधवा बाई बांगड्या भरायला निघाली! सुशीला माझ्याकडं बघत राहिली. पण म्हटलं ना, ती बोलत नाही.

मैदान कापसाच्या बाजारालगत होतं. मी एका भरलेल्या बैलगाडीआड उभी राहिले, तोंडावर पदर घेऊन. तिथून रांग अगदी समोर, वीस-पंचवीस हातांवर. दत्ता माझ्याकडं पाठ करून बसला होता. मला खेळातलं थोडं थोडं कळायला लागलं. गड्यांच्या पाठीवरच्या थापांचा आवाज माझ्यापर्यंत यायचा. त्यानं खांबावर झेप घेतली, पहिल्यांदाच मी ते बघितलं... माणूस एवढा लांब होतो हे मला माहीत नव्हतं. जमिनीपासून वर, आडवा, एका हातानं खांब धरलेला आणि दुसरा हात पुढं. त्या हाताला मी वरणभात खायला शिकवलं होतं. मी पदर तोंडात कोंबला.

शेवटचा डाव. बरोबरी करायला दोन गडी हवे होते, जिंकायला तीन. दोन बाद झाले. बाजूचा माणूस म्हणाला, आता शेवटचं अर्धं मिनिट. पळणारा दमला होता, तो वळसा घेऊन दत्ताच्या पुढ्यात आला. हातभर अंतरावर. रशीद मागून दत्ताला खो द्यायला येत होता, त्याचा हात उचललेला मी बघितला. अजून एक श्वास थांबायचं होतं. पण मला काय दिसलं? मला दिसला माझा भाऊ, बसलेला, आणि नोकरी त्याच्यासमोरून पळून चाललेली. नियम, रशीद, पंच, सगळं डोक्यातून गेलं. मी ओरडले, "ऊठ दत्ता!"

आणि तो उठला.

आयुष्यभर तिसऱ्या हाकेला उठणारा माणूस त्या दिवशी पहिल्या हाकेला उठला. रशीदचा हात रिकाम्या हवेतून खाली आला. दत्तानं पळणाऱ्याला धरलं, लोकांनी टोप्या उडवल्या, आणि शिट्टी वाजली. खो मिळायच्या आत उठला, गडी बाद नाही. पंचानं चूक धरून त्याला उलट्या दिशेला जायला लावलं, तोवर वेळ संपली. सामना बरोबरीत. पुन्हा जादा डाव झाला, त्यात आमची पोरं मोडून पडली, आणि एका गड्यानं हरलो. कारखान्याच्या माणसांनी समोरच्या संघातले दोन गडी नेले. मला कुणी बघितलं नव्हतं. एवढ्या आरडाओरड्यात एका बाईचा आवाज कुणाला कळणार? मी पहिली गाडी धरून घरी आले आणि चूल पेटवली.

तो दिवे लागल्यावर आला. हातपाय धुतले, जेवायला बसला. मी विचारलं, काय झालं? म्हणाला, हरलो. मी विचारलं, कशानं? तो भाकरी कुस्करत म्हणाला, "मधीच उठलो." बस्स. माझ्या हातावर नव्या बांगड्या नव्हत्या, असणारही नव्हत्या. त्यानं एकदा माझ्या हाताकडं बघितलं आणि ताक मागितलं.

त्या दिवसापासून गावानं त्याला 'बिनखो' म्हणायला सुरुवात केली. बिनखो दत्ता. आधी रागानं, मग थट्टेनं, मग नुसतं नाव म्हणून. लग्नाच्या पंगतीत कुणी लवकर उठला की म्हणायचे, बघा, बिनखो झाला. गजाननच्या लग्नात नवऱ्या मुलीच्या मामानंसुद्धा विचारलं, तुम्हीच का ते. रशीदनं तर चाळीस वर्षं एकच वाक्य धरून ठेवलं होतं. पारावर बसला की हात वर करून दाखवायचा, "ह्यो हात असा ऱ्हायला बघा, हवेत. आजून खाली आला न्हाई." लोक हसायचे, दत्ताही हसायचा. मी तिथून जात असले तर पाय उचलायची. मला सांगता आलं असतं. कुणी मला अडवलं नव्हतं. पण आधी भीती वाटली, की हातची नोकरी घालवली म्हणून सुशीला काय म्हणेल. मग वर्ष गेलं, मग दहा गेली, आणि इतक्या उशिरा सांगायचं तर आधी का नाही सांगितलं तेही सांगावं लागतं. एवढंच केलं, की पुन्हा कधी सामना बघायला गेले नाही. आपलं तोंड आपल्याला माहीत. त्याचं नुकसान पुन्हा माझ्या तोंडानं व्हायला नको.

तो पुढं दहा-अकरा वर्षं खेळला. पाथरीच्या एका संघानं बोलावलं होतं, गावाविरुद्ध कसं पळू म्हणून गेला नाही. गुडघा गेला तेव्हा थांबला. मग शेत बघायचा आणि संध्याकाळी शाळेमागं पोरींना शिकवायचा. हो, पोरींना. लोक नावं ठेवायचे, दत्ताला सवय होती. पोरींना पहिल्या दिवशी एकच शिकवायचा: बसायचं. पळणं काय कुणालाही येतं म्हणायचा. तास तास बसवून ठेवायचा, भोवती ओरडायचा, टाळ्या वाजवायचा, नावं घ्यायचा, आणि जी उठेल तिला सगळ्यांसाठी हंडाभर पाणी आणायला लावायचा. त्याच्या पोरी तालुक्यात कधी बिनखो उठल्या नाहीत. हे मी सुशीलाकडून ऐकलं. ती जायची बघायला.

या वर्षी त्याच्या हृदयानं दगा दिला. डॉक्टर म्हणाले, पंप दमलाय. मी दवाखान्यात दोन दिवस राहिले. दुसऱ्या दिवशी दुपारी सुशीला खाली जेवायला गेली होती. मी मोसंबी सोलत होते. तो डोळे मिटून पडला होता. मला वाटलं आता नाही तर कधी नाही. म्हटलं, "दत्ता, मानवतच्या फायनलला मी आले होते."

"हं," तो म्हणाला.

"ऊठ म्हणून मीच ओरडले."

"आक्का, मला बहिरा समजतीस का?"

मग विचारलं, इतकी वर्षं बिनखो बिनखो ऐकून घेतलंस, एकदा तरी सांगायचं होतंस गावाला. त्याला हसू आलं, हसताना धाप लागली. धाप ओसरल्यावर म्हणाला, "काय सांगू? बहीण ऊठ म्हणाली म्हणून उठलो? त्यापरीस बिनखो बरं." मग डोळे उघडून माझ्याकडं बघितलं. "एक इचारू? परत का आली न्हाईस बघायला?"

"परत ओरडले असते."

"मग ओरडायचंस की..." तो म्हणाला. "मी दर खेपंला खाली बसलो की कान मागं लावून बसायचो. आली असंल, आली असंल. लय वर्षं."

मी मोसंबी सोलून संपवली, बिया काढल्या, एक एक फोड त्याला दिली. त्यानं चार खाल्ल्या. इतकी वर्षं मी स्वतःला शिक्षा समजून घरी बसले, ती मी त्यालाच देत होते, हे मला मोसंबीच्या त्या चार फोडींत कळलं. संध्याकाळच्या गाडीनं मी गावी आले, घरी म्हैस होती. तिसऱ्या दिवशी फोन आला, तो मी वर सांगितला.

दुपारी त्याला घरी आणलं. अंगणात ठेवलं. बायका रडत होत्या. मला रडू येत नव्हतं, मी त्याच्या उशाशी बसले होते. मला तो झोपलेलाच वाटत होता, तोंड तसंच, एक हात गालाखाली जायला निघालेला. मी म्हटलं, "ऊठ दत्ता." मी दुसऱ्यांदा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं ते जरा मोठ्यानं. तो उठला नाही. तेव्हा माझी खात्री पटली.

रशीद तिरडीजवळ उभा होता. आता तोही म्हातारा झाला आहे, काठीवर चालतो. त्यानं माझ्याकडं बघितलं. फार वेळ बघितलं. त्या दिवशी मानवतला माझ्या आवाजाच्या सगळ्यात जवळ दत्ता होता, आणि त्याच्यानंतर रशीद. "आक्का," तो म्हणाला, "तो आवाज तुमचा होता?" मी मान हलवली. लोकांना काही कळलं नाही, ते दोऱ्या आवळत होते. उचलायची वेळ झाली, चौघं वाकले, तेव्हा त्यानं हात वर करून सगळ्यांना थांबवलं. काठी माझ्याकडं दिली. गुडघे मोडून कष्टानं खाली बसला, दत्ताच्या खांद्यामागून हात सारला आणि पाठीवर थाप मारली. "खो," म्हणाला, नेमानं, मोठ्यानं, पंचाला ऐकू जाईल असं.

मग त्यांनी त्याला उचललं.

हे लिहिलं ते गावानं वाचावं म्हणून. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी वाचून घ्यावं. दत्ता बिनखो उठला नव्हता. त्याला त्याच्या बहिणीनं उठवलं होतं, तिची चूक होती, आणि तिनं ती चाळीस वर्षं लपवली. नाव ठेवायचं तर आता मला ठेवा. मला फार दिवस ऐकावं लागणार नाही.

ओसरीवरची त्याची बाज सुशीलानं भिंतीला उभी करून ठेवली होती. मी ती पुन्हा आडवी करायला लावली, तिच्यावर दुपारी शेंगा वाळत घालतो. पहाटे पाच वाजता मला जाग येते, आणि चुलीकडं जाताना बाजेपाशी पाय थांबतात. तोंडातून एक हाक निघते. सुशीलाला आता सवय झाली आहे, ती कूस बदलते. दुसरी आणि तिसरी हाक मी मारत नाही. जरा वेळ उभी राहते, आणि चहाला आधण ठेवते.